मनहांग मिस्त्रीचा तळहात

माझ्या चहाच्या दुकानातून रस्ता ओलांडला की मनहांग राईचं गॅरेज. गॅरेज म्हणायचं म्हणून. चार खांब, वर पत्रा, आणि खाली चाळीस वर्षं तेल पिऊन काळी झालेली माती. दार्जिलिंगच्या डोंगरातल्या आमच्या मानेभंज्यांगमधून वर टोंगलू-संदकफूला चढणाऱ्या जेवढ्या म्हणून जुन्या लँडरोवर आहेत, त्या सगळ्या कधी ना कधी या पत्र्याखाली पोट उघडं टाकून पडलेल्या मी पाहिल्यात. माझ्या लग्नाच्याही आधीच्या गाड्या त्या. माझे दात गेले, त्यांचे अजून आहेत, आणि ते मनहांगच्या कृपेने.

मनहांगला वाचता येत नाही. इंजिनात कुठल्या क्रमाने ठिणगी पडते ते तो बोटांच्या पेरांवर मोजतो: एक, तीन, चार, दोन. माझ्या दुकानाच्या पायऱ्याही तो तसंच पुटपुटत चढतो. मला बोजू म्हणतो, म्हणजे आजी. बोलणं कमी, चहाला साखर जास्त. त्याची बायको होती तोवर म्हणायची, माझं अंग तापलं तर कपाळाला हात लावायला याला सवड नाही, आणि गाड्यांच्या ढुंगणाला मात्र दिवसभर हात लावून बसलेला असतो. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. गाडी सुरू होत नसली की बाकीचे मिस्त्री पुढून बॉनेट उघडतात. मनहांग आधी मागे जायचा. धूर सोडायच्या नळीला तळहात लावायचा आणि कुणाला तरी पुढून हँडल फिरवायला सांगायचा. मी एकदा विचारलं, हे काय रे? तर म्हणाला, "श्वास येतोय का बघतो, बोजू. माणूस दवाखान्यात नेलं तर आधी हेच बघतात ना?" त्याच्या बापाची शिकवण होती ती. नळीत कधी उंदराचं घर सापडायचं, कधी गांधीलमाशांचं, एकदा तर वरच्या कड्यावरचा बर्फ गोठून बसलेला. गाडीने आत घेतलेलं बाहेर सोडलं नाही तर ती पुढचं आत घेत नाही, एवढी साधी गोष्ट.

आता फुर्तेम्बाचं सांगते.

फुर्तेम्बा शेर्पा मनहांगचा मित्र. बिडी ओढून ओढून त्याला खोकला जडला होता: एक लांब, दोन तोकडे. धुक्यात गाडी दिसायच्या आधी तो खोकला ऐकू यायचा आणि मी चहाचं पाणी ठेवायची. दुकानासमोर गाडी उभी करायचा, इंजिन बंद करायचा नाही, खाली उतरायचा नाही. चहा त्याला खिडकीतूनच लागायचा, लाटसाहेबासारखा.

तिहार, म्हणजे आमची दिवाळी, होऊन चार दिवस झाले असतील. सकाळी दहाच्या सुमाराला तो वरून प्रवासी सोडून रिकामी गाडी घेऊन खाली आला, नेहमीच्या जागी उभा राहिला. त्या दिवशी खोकला मात्र ऐकू आला नव्हता. मी पेला घेऊन गेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान जराशी खाली. धुकं एका खिडकीतून आत येत होतं आणि दुसरीतून बाहेर जात होतं. म्हटलं, फुर्तेम्बा, चहा निवतोय. त्याचे खांदे हलत होते, म्हणून मला वाटलं हसतोय. मग माझ्या लक्षात आलं की खांदे तो हलवत नव्हता. इंजिनाच्या थरथरीने गाडी हलत होती, आणि गाडी त्याला हलवत होती.

मी मनहांगला हाक मारली. तो हात पुसत आला, आणि त्याने फुर्तेम्बाच्या नाकाखाली तळहात धरला. खूप वेळ धरला. इंजिन तर इतकं सुरात चाललं होतं! शेवटी "काही नाही," एवढंच म्हणाला. मग आत वाकून त्याने किल्ली फिरवली आणि उपसून हातात घेतली.

इंजिन थांबलं नाही.

किल्ली मनहांगच्या हातात, आणि गाडी आपली चालूच. सात ठोके. मी मोजले. मग थांबली, आणि इतकं सामसूम झालं की माझ्या दुकानात दूध उतू गेलेलं मला रस्त्यावर ऐकू आलं.

दुपारी मनहांगने मला समजावलं. तापलेल्या इंजिनात काजळीचे निखारे असतात, ठिणगी बंद केली तरी ते चार थेंब पेट्रोल पेटवतात. "होतं असं, बोजू." मी बरं म्हटलं. पण दिवसभर तो उजवा तळहात पँटला पुसत होता.

गाडी लोकांनी ढकलून त्याच्या पत्र्याखाली लावली. फुर्तेम्बाची आई, दाकी, घरून उतरून आली आणि गाडीच्या मागच्या चाकाला पाठ लावून बसली. दिवेलागणीपर्यंत हलली नाही. मी तिला चहा नेऊन दिला. रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की जाता जाताही गाडी चालवत होता बघ तुझा लेक, किल्ली काढली तरी सात ठोके चालवली त्याने. माणसाला धीर द्यायला तोंड उघडावं आणि भलतंच बाहेर पडावं, ही माझी जन्माची खोड. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला चहा चाकापाशी ओतला. कुणाला तरी वाढावा तसा.

शेर्पांच्या घरात गेलेला माणूस एकोणपन्नास दिवस पुरता गेलेला नसतो. घरच्यांबरोबर त्याचंही ताट वाढतात. एकोणपन्नासाव्या दिवशी घेवा असतो, लामा त्याला पुढची वाट दाखवतात, आणि मग त्याने जायचं, मागच्यांनी हाका मारायच्या नाहीत. तोवर तो वाटेत कुठे कुठे रेंगाळतो ते कुणी सांगावं?

पंधराव्या दिवशी फुर्तेम्बाचा थोरला भाऊ आंगदावा गाडी घरी न्यायला आला. आत बसला, किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, अडखळलं, आणि खोकलं. एक लांब, दोन तोकडे. आंगदावा दार उघडं टाकून जो निघाला तो माझ्या दुकानात येऊनच थांबला, आणि माझ्याकडे पाणी मागितलं तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. बाकीच्या ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्या गॅरेजपासून लांब लावायला सुरुवात केली. मी म्हटलं, अरे, गाड्यांना पडसं लागतं का? पण कुणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मीही समोर पाठ करून बसेनाशी झाले.

चाळिसाव्या दिवशी फुर्तेम्बाची बायको यांगजी मनहांगकडे आली. गाडी तिला चालवता येत होती, परवानाही होता. नवऱ्याशेजारी बसून वरचं प्रत्येक वळण तिने पाठ केलेलं. थोरल्या दिराला, आंगदावाला, ती जेठाजू म्हणते. तिने सरळ सांगितलं.

"दाजू, घेव्याच्या आधी ही चालू करून द्या. नाहीतर जेठाजू त्याच दिवशी भंगारवाल्याला देणार आहेत. मेलेल्या माणसासारखी खोकणारी गाडी दारात नको म्हणतात. मी चालवीन ती. घरात दोन मुलं आहेत आणि मला दुसरं काही येत नाही."

"देतो," मनहांग म्हणाला. त्याने आजवर शब्द दिला आणि गाडी बंदच राहिली असं झालेलं नव्हतं.

तो आठ दिवस त्या गाडीशी झुंजला. यांगजी मदतीला असायची. इंजिनाला तीन गोष्टी लागतात असं तो म्हणतो: तेल, ठिणगी आणि दाब. जुनं पेट्रोल काढून नवं घातलं. पंपाखालची काचेची वाटी धुतली, कार्बोरेटरची भोकं तोंडाने फुंकून साफ केली. पेट्रोल नीट येत होतं. प्लग काढून लोखंडाला टेकवला, तर निळी कोरडी ठिणगी, तडतड उडणारी. तरी धुक्याची ओल नको म्हणून ठिणगी वाटणारं टोपण त्याने माझ्या चुलीशेजारी ठेवून वाळवलं. मी त्यात माझी भाजी हलवायचा चमचा ठेवला म्हणून माझ्यावर डाफरला. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून यांगजीला हँडल मारायला लावलं, अंगठा उडाला. दाब होता. एक, तीन, चार, दोन, क्रम बरोबर. तिन्ही गोष्टी होत्या, आणि गाडी सुरू होत नव्हती. सगळं जोडून किल्ली फिरवली की एकदा उचल खायची, आणि मग तोच खोकला. एक लांब, दोन तोकडे. पुन्हा गप्प.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर मनहांग बॉनेटमध्ये डोकं घालून कुणाशी तरी बोलत होता. हळू आवाजात, चिडल्यासारखा. "सरक ना जरा, फुर्तेम्बा. हात पोचू दे." मला पाहून गप्प झाला. मीही काही ऐकलं नाही असं दाखवलं. मनहांग म्हणजे भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणारा माणूस.

दाकी रोज माझ्या दुकानात येऊन बसायची. हातात माळ, नजर समोरच्या पत्र्याकडे. तिच्या पट्ट्यापट्ट्यांच्या लोकरी पांगदेनचा, कमरेपासून पुढे बांधतात त्या वस्त्राचा, एक कोपरा नव्हताच, हातभर तरी फाडलेला. मी म्हटलं, उंदीर लागलेत का घरात? तिने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सकाळपासून धुकं असं उतरलं की माझ्या उंबऱ्यावरून गॅरेज दिसेना. दिसत नव्हतं म्हणूनच की काय, ऐकू नीट येत होतं. यांगजी हँडल मारत होती. मी बाजारातल्या निदान वीस बायकांची बाळंतपणं केलीत. श्वासाचा आवाज मला कुणी शिकवायला नको. मूल पहिला श्वास आत घेतं आणि रडायच्या आधी मध्ये जो एक क्षण असतो, तो बाईला वर्षासारखा वाटतो. समोर तो क्षण संपतच नव्हता. गाडी आत घेत होती. आत, पुन्हा आत. बाहेर काहीच नाही.

मी चूल तशीच सोडून रस्ता ओलांडला.

"मनहांग, मागे हात लावून बघितलास?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला पाना खाली ठेवला.

"आठ दिवसांत एकदाही नाही?"

"नाही."

"का रे?"

"लावला होता ना, बोजू," तो म्हणाला. "त्या दिवशी."

मग मला कळलं. चाळीस वर्षांत जे तो न चुकता सगळ्यात आधी करत आला, ते याच गाडीला त्याच्याच्याने होत नव्हतं. त्या तळहाताला एकदा मिळालेलं उत्तर त्याला पुन्हा घ्यायचं नव्हतं.

तरी तो उठला. मागे जाऊन उकिडवा बसला, पँटला हात पुसला, आणि नळीच्या तोंडाशी धरला. यांगजीने हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. 

"काही नाही," तो म्हणाला. त्या दिवशीच्याच आवाजात.

गेल्या दसैंला, दसऱ्याच्या सणाला, सायलेन्सर आणि ही नळी त्यानेच नवी बसवली होती, सांध्यात केसाएवढी फट न ठेवता. दुसऱ्या कुणाचं ढिसाळ काम असतं तर वारा कुठून तरी निसटला असता. त्याने तारेचा आकडा केला, आत घातला, आणि हळू ओढला. वीतभर आतून काहीतरी सरकत पुढे आलं. लोकरीच्या रंगीत पट्ट्या, ओलीने फुगून दगडासारख्या झालेल्या.

"ओढू नकोस."

दाकी माझ्या मागोमाग आली होती. धुक्यातून आधी तिचा आवाज आला आणि मग ती.

"तो आत आहे. शेवटचा श्वास गाडीनेच घेतला त्याचा. किल्ली काढल्यावरही चालवत होता तो. दिदीनेच सांगितलं मला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जाण्यासारखं झालं. तिने त्या संध्याकाळी पांगदेन फाडून, त्यात धुपीचा, आम्ही धूप म्हणून जाळतो त्या झाडाचा, पाला गुंडाळून, फुर्तेम्बाच्या गाडीतल्या काठीने तो बोळा आत ठासला होता. आम्ही सगळे समजत होतो की ती दुःखाने सुन्न होऊन बसली आहे.

यांगजीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता सासूला बोलेल काहीबाही. पण ती तिच्यापुढे जाऊन बसली, आणि अगदी हळू म्हणाली, "आमा, उद्या भंगारवाला गाडी कापणार होता. मग तुमचा मुलगा कुठे गेला असता?"

दाकीने याचा विचारच केलेला नव्हता. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "आजचा दिवस राहू दे. उद्या लामा वाट दाखवतील, तेव्हा मी माझ्या हाताने काढते. आत्ता काढलंत तर कुठे जाईल तो एकटा, एवढ्या धुक्यात?"

मनहांगने यांगजीकडे पाहिलं. गाडीचं दुखणं सापडलं होतं, पण ते एकच होतं की आणखी काही, हे आज चालवून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. उद्या घेव्याला सगळा बाजार जमणार, आणि तिथे गाडी सुरू नाही झाली तर ती भंगारात गेली. यांगजीने डोळे मिटून होकाराची मान हलवली. मनहांगने अंगठ्याने तो बोळा पुन्हा आत ढकलला.

"उद्या, आमा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गोम्पाच्या, लामांच्या मठाच्या, अंगणात न्यायची तर दोर बांधायला एकही ड्रायव्हर आपली गाडी देईना. शेवटी आम्हीच ढकलली. स्टिअरिंगवर यांगजी, मागे मनहांग, दोन धाकटे लामा आणि मी. माझ्या ढकलण्याने गाडी किती हलली असेल ते असो, पण त्यात माझा हात असायलाच हवा होता. रस्त्यावर दव गोठलेलं होतं. भंगारवाल्याचा ट्रक वळणावर उभा होता, आणि त्याच्याशी आंगदावा बोलत होता.

आत पोथी चालली, कर्णे वाजले. शेवटी लामांनी फुर्तेम्बाच्या नावाचा कागद दिव्यावर धरला. तो जळून काळा झाला तशी दाकी उठली, बाहेर आली, आणि गाडीमागे बसली. तिने कुणाला हात लावू दिला नाही. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागला. बोळा निघाला, त्यातून धुपीचा पाला गळला, आणि पाल्याबरोबर एक बिडी. आत थंडी वाजेल, त्याला लागेल, म्हणून ठेवलेली.

मनहांग तिच्या शेजारी बसला आणि त्याने नळीला तळहात लावला. "मार," म्हणाला.

यांगजीने किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, अडखळलं, आणि खोकलं. एक लांब, दोन तोकडे. अंगणातली माणसं एकदम मागे सरली. आंगदावाने डोळ्यांवर हात घेतला. मग नळीतून, मनहांगच्या बोटांमधून, करडा धूर एका दमात बाहेर आला, खूप वेळ आला, आणि इंजिन चालायला लागलं. सुरात.

"येतोय," मनहांग म्हणाला. त्याने दाकीचा हात धरून नळीशी नेला.

"गरम आहे," दाकी म्हणाली. तिने धूर जाऊ दिला, तो गेला तिकडे पाहिलं, वर कड्याच्या बाजूला, आणि हाक मारली नाही. मग ती रडायला लागली, एकोणपन्नास दिवसांनी, आणि मला बरं वाटलं.

आंगदावाने नंतर भंगारवाल्याला चार सेलरोट्या, तांदळाच्या पिठाची गोड तळलेली कडी, बांधून देऊन रिकामा ट्रक परत पाठवला. पण त्याआधीच, आता ठीक आहे म्हणून, यांगजीने किल्ली फिरवली आणि काढून हातात घेतली.

इंजिन थांबलं नाही.

मी मोजत होते. पलीकडे मनहांगचा अंगठा पेरांवरून सरकत होता. पाच, सहा, सात. मग थांबलं. इंजिन पुरती दोन मिनिटंही चाललेलं नव्हतं, गोठलेल्या अंगणात उभं होतं, बॉनेट बर्फासारखं गार. मी मनहांगकडे पाहिलं. होतं असं, बोजू, असं तो या वेळी म्हणाला नाही.

याला आता तीन वर्षं होतील. गाडी यांगजी चालवते, आणि चांगली चालवते. नवऱ्यासारखी खिडकीतून चहा घेत नाही, उतरून येऊन बसते. गाडी पुन्हा खोकली नाही. किल्ली काढली की तिथल्या तिथे गप्प होते. मनहांग आता पुन्हा कुठलीही गाडी आली की आधी मागेच जातो. मध्ये त्याने ते इंजिन दोनदा उघडलं, असं यांगजी सांगत होती, काही बिघाड नसताना. मी त्याला विचारलं, काजळी सापडली का रे आत?

"चहा दे, बोजू," तो म्हणाला. "साखर जास्त."